नानांनी गाडी पाहिली

जळगाव–भुसावळ ही काही मिरवायची ड्यूटी नव्हे. 25 किलोमीटरचा रस्ता, दिवसभर तेच ते वर-खाली. लांब पल्ल्याच्या गाडीत एकदा सगळ्यांची तिकिटं झाली की कंडक्टर तासभर टेकतो तरी. इथं अजिंठा चौफुलीला भरलेल्या माणसांची तिकिटं होत नाहीत तोच तरसोद फाटा येतो, मग नशिराबाद, मग साकेगाव. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. या मार्गावर टप्पा कधी सरला हे कळायच्या आत चार माणसं उतरलेली आणि सहा चढलेली असतात. मी सात वर्षं ही खिचडी ढवळली.

रेल्वे असताना लोक बसने का जातात, असं बाहेरचा माणूस हमखास विचारतो. जळगाव आणि भुसावळ ही दोन्ही रेल्वेची गावं, गाड्यांना तोटा नाही. पण मधलं स्टेशन भादली. नशिराबादच्या माणसाने आधी भादली गाठायची, मग तिथं थांबणाऱ्या गाडीची वाट बघायची. त्यापेक्षा हायवेवर उभं राहिलं की आपली लाल गाडी येतेच.

नशिराबादच्या थांब्यावर सकाळच्या फेरीला नाना असायचे. दोन्ही डोळ्यांनी अंध. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. भुसावळला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. रिटायर झाले तरी भुसावळ सुटलं नव्हतं, बहीण तिथं दिलेली, मित्रमंडळी तिथं. आठवड्यातून चार-पाच दिवस यायचेच. त्यांची एक गंमत मला कामावर लागल्यावर महिनाभराने उमगली. थांब्यावर दहा-बारा माणसं सावलीला बसलेली असत, आणि गाडीसाठी पहिला हात वर व्हायचा तो नानांचा. त्यांचा हात वर गेला की बाकीचे पिशव्या उचलून उठायचे. मागून ट्रक येवो, टँकर येवो, खाजगी ट्रॅव्हल्स येवो, हात हलायचा नाही. आपली गाडी आली की हात वर. सात वर्षांत मी तो चुकलेला पाहिला नव्हता.

तो चुकला 2018 च्या एप्रिलमध्ये.

त्या दिवशी आम्हाला नवी गाडी मिळाली होती. पोलादी बॉडीची, म्हणजे ज्याला माइल्ड स्टील म्हणतात ती. त्याआधीच्या आमच्या सगळ्या गाड्या अ‍ॅल्युमिनियमच्या. अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, गंजत नाही, पण अपघातात चुरगळतं, म्हणून एसटीने नव्या बॉड्या पोलादाच्या बांधायला घेतल्या होत्या. आमचे ड्रायव्हर यावलकडचे, नोकरीची पाचच वर्षं उरलेली, बोलायला कमी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, नारळ नव्हता म्हणून चाकाखाली लिंबू ठेवलं आणि म्हणाले, “मास्तर, हिच्यात भांडं वाजत नाही.” खरंच वाजत नव्हतं. जुन्या गाडीत काचा, बाक, पत्रा, माझ्या सीटखालची प्रथमोपचाराची पेटी, सगळं एका तालात खडखडायचं. या गाडीत माझा मलाच आवाज ऐकू यायला लागला, तिकिटं देताना ओरडावं लागेना. मी खूश.

नशिराबादला गाडी थांबली. लोक उठले, चढले. नाना तसेच उभे, तोंड जळगावच्या दिशेला. त्यांच्या लेखी गाडी अजून यायची होती. मी दारातून पाहतोय, आणि मला वाटतंय, आज यांना जायचं नसेल. माझा हात घंटीच्या दोरीवर गेला होता. दोन टोले दिले असते तर गाडी निघून गेली असती.

तेवढ्यात त्यांनी काठी पुढे केली आणि विचारलं, “कोन्ती गाडी हाये हे?”

मला स्वतःची लाज वाटली ती नंतर. नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक थांब्यावर “भुसावळ, भुसावळ” असं ओरडायचो. मग ते कधी सुटलं कळलंच नाही. पुढे पाटी आहे, ज्याला वाचायचं तो वाचतो, असं मनात बसलं होतं. सात वर्षं या माणसाला मी कधी गाडी सांगितली नव्हती, कारण त्यांनी कधी विचारलीच नव्हती.

“नाना, आपलीच हाय. भुसावळ. नवीन आली.”

“आपली?” त्यांचा विश्वास बसेना. काठीने पायरी टोकली, उंची मापली, दांडा चाचपला आणि चढले. दाराजवळच्या बाकावर बसल्यावर मी सवलतीचं तिकीट दिलं. अंध प्रवाशाला भाड्यात 75 टक्के सवलत असते. मशीनमधून कागद करकरत बाहेर आला तशी त्यांची मान वळली.

“यंत्र तेच हाये न जुनं?”

“तेच.”

“मंग ठीक. एक तरी वळखीचं हाये.”

मशीनची गोष्ट त्यांनी मला पूर्वी सांगितली होती. आधी कंडक्टरकडे तिकिटांचा ट्रे आणि पंच असायचा. माझ्या नोकरीच्या आधीच तो गेला, पण नानांच्या कानात होता. कंडक्टर दांड्यावर पंच वाजवत पुढे सरकायचा, त्यावरून त्यांना कळायचं की तो किती बाक लांब आहे आणि सुटे पैसे कधी काढायचे. मशीन आल्यावर सुरुवातीला त्यांचे पैसे एक तर फार लवकर हातात यायचे नाही तर फार उशिरा.

भुसावळला पोचलो. पुढच्या फेरीला वीस मिनिटं होती. सगळे उतरले, नानाही उतरले, पण गेले नाहीत. म्हणाले, “मास्तर, घाई नसंल तर मी गाडी पाहून घेऊ का?”

हा शब्द त्यांचाच. पाहून घेऊ.

ड्रायव्हर चहाला निघाले होते, ते थबकले. मला वाटलं वैतागतील. एप्रिलचं ऊन, स्टँडचं डांबर तव्यासारखं. पण ते काही न बोलता परत आले, नानांच्या कोपराला हात लावला आणि पुढच्या दिव्यापासून सुरुवात केली.

काच, वायपर, बंपर, तिथून डाव्या बाजूने मागे. पत्रा इतका तापलेला की मी हात लावून झटक्यात मागे घेतला. नाना बोटांची टोकं टेकवत चालले, चुलीवरची भाकरी उलटताना बाई टेकवते तशी. मध्येच थांबले. “रिबिटा कुठी गेल्या?” रिबिटा म्हणजे रिव्हेट, पत्रे जोडणारे खिळे. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर त्यांच्या रांगाच्या रांगा असायच्या. या गाडीत बरंचसं वेल्डिंग. त्यांचा हात कोरा फिरत होता. ब्रेल वाचणारा माणूस, त्याला पत्र्यावरचे ठिपके म्हणजे मजकूर असणार, हे मला त्या क्षणी सुचलं. त्यांना विचारलं तर हसले. “मजकूर काही नव्हता रे. पन वळखत व्हतो.”

मग मागे आले आणि शिडी शोधायला लागले.

“शिडी नसते आता, नाना.”

“अन टपावर कसं चढतं मानूस?”

“टपावर काही ठेवत नाही आता.”

तिथं ते सुरू झाले. त्यांच्या लहानपणीची गाडी लाकडी बॉडीची, काथ्याच्या गादीची. काथ्या चड्डीतून टोचायचा. वडील तिला एसटी म्हणतच नसत, ‘सर्व्हिस’ म्हणत. एसटीच्या आधी खाजगी मोटारी होत्या, त्यांचा तो शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडात बसलेला. सरकारी गाडी 1948 साली सुरू झाली, 1 जूनला, पुणे ते नगर. पहिल्या 30 गाड्या बेडफर्डच्या. हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, मी ते सांगून टाकलं. नानांना त्याचं काही नव्हतं. त्यांना आवाज आठवत होते. लाकूड कसं वाजायचं, बैलगाडीच्या जवळचं. टपावर सायकल, भाजीच्या पाट्या, लग्नाचं सामान चढवायला कंडक्टर वर गेला की डोक्यावर त्याची पावलं धडधडायची, आणि आतली पोरं मान वर करून त्या पावलांबरोबर फिरवायची. “मी बी फिरवत व्हतो,” म्हणाले.

मग अ‍ॅल्युमिनियम आलं, खडखडाट आला. हवेचे ब्रेक आले तेव्हा गाडी थांबताना फुस्स करायची, तर थांब्यावरची शेळी बुजायची. पुढे इंजिनाला टर्बो आला, त्याची शिट्टी. त्या शिट्टीने तर त्यांचं काम फार सोपं केलं, गाडी सिमेंट फॅक्टरीच्या अंगाला असतानाच हात वर करता यायचा. लेलँड आणि टाटा त्यांना वेगळी कळायची. आम्हालाही कळते, पण आम्ही आत बसून.

“अन एशियाड?” ड्रायव्हरनी विचारलं. त्यांचं सकाळपासूनचं बहुधा दुसरंच वाक्य.

“ते आमच्यासाठी थांबे कधी? तिचा निस्ता वारा लागे.”

1982 च्या दिल्लीच्या एशियाडवरून नाव पडलेली निमआराम गाडी. नंतर 2017 ला शिवशाही आली, तिचाही नशिराबादला वाराच. फक्त शिवशाहीच्या काचा बंद, त्यामुळे आतल्या माणसांची बडबड बाहेर येत नाही. नानांच्या मते एसटी आणि ट्रकमधला फरक अर्धा तिथेच असतो, एसटी बोलत जाते.

ड्रायव्हर आत चढले, गाडी चालू केली, थोडं रेस केलं, सोडलं, पुन्हा रेस केलं. नानांनी बाजूच्या पत्र्याला तळहात लावून ऐकलं. मग दोनदा हॉर्न. स्टँडवरची दोन-चार पोरं, एक शेंगदाणेवाला जमा झाला होता. कोणीतरी म्हणालं, “नाना, सांगा बरं कुठली बॉडी?” एसटीच्या बॉड्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या वर्कशॉपमध्ये बांधतात, आणि गाडीचा नंबर पाहिला की कुठली ते कळतं. चिकलठाण्याची असली तर एमएच 20, दापोडीची असली तर 14.

नानांनी दाराचा दांडा, पायरीची कड, खिडकीची चौकट पुन्हा चाचपली. सगळे गप्प. मलाही वाटायला लागलं की हा माणूस आता सांगणारच.

“चिकलठाना,” नाना म्हणाले.

नंबर 14 चा होता. शेंगदाणेवाला मोठ्याने हसला. ड्रायव्हरनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुडी बांधायला लागला. नाना मात्र स्वतःवरच चिडले. “मंग सांगायचंच नही पाह्यजे व्हतं,” एवढं म्हणून काठी आपटत बाहेरच्या रस्त्याला लागले.

संध्याकाळच्या परतीच्या फेरीला ते आले नाहीत, बहिणीकडे राहिले असतील.

त्यानंतर मी प्रत्येक थांब्यावर ओरडायला लागलो. कॉलेजची पोरं नक्कल करायची, करू दिली. हायवेचं रुंदीकरण चालू होतं, कडेचे कडुलिंब पडत होते, आणि नाना म्हणायचे की साकेगाव आता गालाला कळत नाही. आधी झाडांची सावली संपली की वाघूरच्या पुलाचा गार वारा लागायचा, त्यावरून कळायचं. मग मी साकेगावही ओरडून सांगायला लागलो.

पण हे पुढचं. त्या दिवसानंतर आठवडाभरातच नवी गाडी आमच्याकडून दुसऱ्या मार्गावर गेली आणि आमच्या वाट्याला पुन्हा जुना डबा आला. सिमेंट फॅक्टरी मागे पडायच्या आत नशिराबादच्या थांब्यावरचा हात वर गेलेला मला पुढच्या काचेतून दिसला. नाना चढले, नेहमीच्या बाकावर बसले, खडखडाट सुरू झाला.

“ते कुठी गेली?”

“लांबच्या रूटवर दिली, नाना.”

“जाऊ दे,” म्हणाले. “पाहून ठेवली हाये.” आणि सुटे पैसे मोजून, बरोबर वेळेवर, माझ्या हातावर ठेवले.