टपावरची माणसं

रविवार, रात्री

कबूसचं छप्पर आज बसलं एकदाचं. कबूस म्हणजे अमेरिकेतल्या मालगाडीच्या शेपटाला पूर्वी लागणारा गार्डाचा डबा. माझी मॉडेल गाडी साधारण 1875 सालची, एन स्केलमधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या 1:160 मापाची. रुळांमधलं अंतर 9 मिलिमीटर. त्या काळची 28 फुटी लाकडी वाघीण, म्हणजे मालाचा डबा, या मापात जेमतेम 53 मिलिमीटर भरते. तिच्या टपावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फळ्यांची अरुंद पायवाट असते. या सगळ्या कामात मला सर्वांत जीव लावावासा वाटतो तो या पायवाटेला.

कारण मालगाडी थांबायची ती तिच्याच जिवावर. वेस्टिंगहाउसचा हवेचा ब्रेक 1869 मध्ये आला खरा, पण लाभला आधी प्रवासी गाड्यांना. लांब मालगाड्यांवर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या त्या 1886-87 मध्ये, आयोवातल्या बर्लिंग्टनला. तोवर इंजिनाची शिट्टी झाली की ब्रेकवाले टपावरून पळत सुटायचे, एका वाघिणीवरून दुसरीवर उडी टाकायचे आणि प्रत्येकीचं ब्रेकचाक हातानं आवळायचे. पाऊस असो, बर्फ असो, काळोख असो. फळ्यांवर बर्फ साचलेलं असताना कसं जमत असेल, विचार करूनच पोटात गोळा येतो.

वाघिणी जोडणं तर त्याहून वाईट. दोन वाघिणींच्या मध्ये उभं राहून लोखंडी कडी नेमकी धरायची, वाघीण येऊन आदळायच्या आत हात काढून घ्यायचा, मग वरून खीळ टाकायची. बोटं गमावलेले ब्रेकवाले जागोजाग दिसत. आपोआप जुळणाऱ्या कपलिंगचं जॅनीचं पेटंट 1873 चं. ते सक्तीचं करणारा कायदा व्हायला 1893 उजाडलं, तोही आयोवाच्या लोरेन्झो कॉफिननं वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला म्हणून. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

कडी-खीळ या मापात चालती ठेवणं अवघड. म्हणून वाघिणी एकमेकींना बारीक तारेच्या कड्यांनी कायमच्या जोडल्यात. आजचं कपलिंग फक्त इंजिनामागे आणि कबूसला. चार फुटांवरून पाहिलं तर कडीच दिसते, आणि तेच हवं.

कबूसच्या छपरावर काचेची छोटी टेहळणी केली आहे. 1863 मध्ये शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नचा वॉटसन नावाचा कंडक्टर डब्याच्या छपराला पडलेल्या भोकातून डोकं बाहेर काढून बसला आणि तिथून ही कल्पना निघाली, असं सांगतात. बऱ्याच गाड्यांना तेव्हा ती नव्हतीच. शेगडी आणि बाकं टाकलेली साधी वाघीणच कबूस म्हणून चालायची. मी ठेवली, कारण तिथे बसलेल्याला गाडीभरचे टप दिसतात.

माणसं जेमतेम 11 मिलिमीटरची. ब्रेकचाक पितळी पत्र्यातून कोरलेलं, अडीच मिलिमीटरचं. गुडघे किंचित वाकलेले, पाय फाकलेले असले तरच गाडी चालती वाटते. ताठ उभा माणूस चिकटवला की सगळं मेलंच.

पुढचा ब्रेकवाला इंजिनामागच्या वाघिणीवर, मागचा कबूसलगतच्या. दोघं दोन्ही टोकांकडून चाकं आवळत मध्याकडे येणार, म्हणून तोंडं समोरासमोर. माझ्या मांडणीत घाटाचा उतार आहे, तेव्हा मधे तिसराही लागेल.