तिवराचं (खाडीकाठच्या खारफुटीचं) पान चाटून बघितलंय का कधी?

रविवारी ऐरोलीला खाडीकडे गेलो होतो, पोरगीचा प्रकाशसंश्लेषणाचा धडा चालू आहे तर म्हटलं पुस्तक राहू दे, पान बघ. तिवराची फांदी वाकवली, पान वरून चकचकीत हिरवं, खालून राखाडी, आणि त्यावर मिठाचे बारीक कण. जीभ लावली, खारट! "शी बाबा!" म्हणाली आणि मग स्वतःच चाटलं. (खाडीची अवस्था माहितीये, तुम्ही करू नका.)

गंमत अशी की साखर बनवायला कार्बन डायऑक्साइड पाहिजे, त्यासाठी पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, उघडायची, पण उघडली की पाणी उडून जाणार, आणि इथे गोड्या पाण्याची आधीच मारामार. म्हणून रंध्रं खालच्या बाजूला, त्यांच्यावर बारीक लवेचं पांघरूण, जास्तीचं मीठ ग्रंथींतून बाहेर. वरच्या बाजूला हरितद्रव्याच्या पेशी उभ्या, दाटीवाटीने, सकाळच्या ठाणे लोकलसारख्या, ऊन पकडायला. त्या उन्हाच्या जोरावर पाणी फुटतं आणि ऑक्सिजन सुटतो, म्हणजे तो पाण्यातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नाही, मला शाळेत कायम उलटंच वाटायचं.

परत येताना रिक्षात विचारते, रात्री काय करतं मग पान? म्हटलं श्वास घेतं. दिवसाही घेतंच की.