चप्पल सुटली, कळलंच नाही

"काका, तुमची एक चप्पल आतच राहिली." डायलिसिसच्या खोलीच्या दाराशी नर्स म्हणाली. काकांनी खाली पाहिलं. एक पाय अनवाणी, आणि त्यांना पत्ताच नाही.

पायांना मुंग्या येतात, रात्री तळवे जळतात, असं ते कितीदा सांगत होते. सगळ्यांनी ते अशक्तपणावर ढकललं.

किडनी निकामी झाली की रक्तात साचणारे विषारी घटक आणि वाढलेलं पोटॅशियम नसांना, म्हणजे संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंना, बाधतात. सर्वांत लांब नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, बहुधा दोन्हीकडे सारखीच. तपासणी पाच मिनिटांची: रुग्णाचे डोळे मिटलेले, १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा काटा) पायाच्या अंगठ्याच्या हाडावर, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (टोचून बघायचा नायलॉनचा धागा) तळव्यावर; जाणवतं का, ते विचारायचं. सोबत रक्तातली साखर आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायचं.

गोळीचं मात्र फार जपून हो! नसांच्या जळजळीवर दिलं जाणारं गॅबापेंटिन किडनीवाटेच बाहेर पडतं. नेहमीच्या मात्रेत दिलं तर माणूस गुंगतो, तोल जाऊन पडतो. डायलिसिसवर सहसा १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, तीही डायलिसिस झाल्यावर.

वजन, बीपी दर खेपेला लिहिलं जातं. मोजे काढून पाय कोण बघतं?