कमी पैशात पहिला सिंथ

पहिलाच सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज घडवणारा सिंथेसायझर, घ्यायचा आहे, तर लगेच हार्डवेअरमागे धावू नका. घरात बरा लॅपटॉप असेल तर सर्ज एक्सटी आणि व्हायटल हे सॉफ्टवेअर सिंथ फुकट मिळतात. खर्च फक्त 25 पट्ट्यांच्या यूएसबी मिडी कीबोर्डचा (मिडी म्हणजे कोणती पट्टी दाबली हे सांगणारे संकेत). हेडफोन वायरचाच वापरा, ब्लूटूथवर आवाज मागे पडतो. विंडोजवर तरीही उशीर जाणवला तर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी करणारा) टाका आणि बफर, म्हणजे लॅपटॉप एका वेळी तयार करून पाठवतो तो आवाजाचा तुकडा, 128 सॅम्पलवर आणा. सेकंदाला 44,100 सॅम्पल (44,100 हर्ट्झ) असतील तर बफरचा उशीर मग जेमतेम 3 मिलिसेकंद उरतो. तडतड ऐकू आली तर बफर 256 करा.

हार्डवेअरच हवं असेल तर कॉर्गचा व्होल्का कीज बघा. तीन व्हॉइसचा (एका वेळी तीन सूर वाजवणारा) अ‍ॅनालॉग आहे, आणि कटऑफचा, म्हणजे आवाज कुठून पुढे कापायचा ते ठरवणारा, नॉब हाताने फिरवताना फिल्टर जसा कळतो तसा माउसने कळत नाही. पण त्याला फक्त पाच पिनांचं मिडी इन आहे. यूएसबी कीबोर्ड थेट जोडता येत नाही, मध्ये यूएसबी मिडी होस्ट, म्हणजे यूएसबीचे संकेत पाच पिनांच्या मिडीत देणारी डबी, लागतो. अ‍ॅडॉप्टर 9 व्होल्टचा, मधली पिन पॉझिटिव्ह. गिटार पेडलचे बहुतेक उलटे असतात, म्हणून नागपुरात बर्डीच्या बाजारात घेताना त्यावरचं चिन्ह तपासाच. नाहीतर सहा एए सेलवरही तो चालतो.

आणि मे महिन्यात सिंथ कूलरच्या झोतासमोर मांडू नका. ओलावा आणि धूळ नॉबमध्ये शिरली की फिरवताना खरखर सुरू होते.