कागदाची पट्टी

शेजारची मुलगी आयईएल्ट्‌सच्या, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेच्या, तयारीला दुपारी चारला येते. तिला कॅनडाला जायचंय. बडोद्यात हल्ली रिक्षाच्या पाठीवरसुद्धा कॅनडाच्या क्लासची जाहिरात असते, त्यामुळे यात नवल काही नाही. परवा मात्र चपला काढता काढताच तिने विचारलं, "मावशी, शनिवारपर्यंत माझा अ‍ॅक्सेंट जाईल ना?"

हळदीचा डाग जाईल ना, असं विचारावं तसं.

तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते, त्यात उच्चारांना एक चतुर्थांश वजन, आणि तेही बोलणं समोरच्याला नीट कळतंय की नाही एवढ्यासाठी, हे मी तिला सांगून पाहिलं. पटलं नाही. क्लासमधल्या सरांनी तिचा 'व्हेजिटेबल' नापास केलाय. ती त्याच्या चार फोडी करते, व्हे-जि-टे-बल. इंग्रज तिनात उरकतात. खरं सांगू, मला चार फोडीच आवडतात. नऊ अक्षरांचं स्पेलिंग घोकून पाठ केलं, मग बोलताना त्यातलं काही फुकट का सोडायचं?

आमच्या दांडिया बाजारच्या मराठी शाळेतले इंग्रजीचे सर या बाबतीत फार कडक. इंग्रजी 'पी' हा आपला प नव्हे आणि फ तर नव्हेच, असं ते सांगत. मग वहीच्या समासाची बोटभर पट्टी फाडून ओठांसमोर धरत आणि म्हणत, "पेन." पट्टी थरथरे. आम्ही म्हणायचो, "पेन." पट्टी ढिम्म. एकेकाला उभं करून तपासणी चाले, नाकासमोर पट्टी आणि पट्टीपलीकडे सरांचे डोळे. दोन दिवसांत आम्ही युक्ती शोधली. सरळ 'फेन' म्हणायचं. मग काय, फेन, फेन्सिल, फेपर! पट्ट्या फडफडू लागल्या आणि सर निवले. घरी आई विचारायची, "बोलताना फुंकर कसली मारतेस गं?" 'व्ही' आणि 'डब्ल्यू'पुढे मात्र सरांनी हात टेकले. एकाला दात ओठावर, दुसऱ्याला ओठांचा चंबू, हे सगळं आम्ही आरशात बघून केलं, आणि आवाज दोन्ही वेळा आपल्या वडातल्या व चाच आला. तो अजून तोच येतो.

सरांनी आयुष्यात एकाही इंग्रजाशी बोलल्याचं आठवत नाही. पण शाळेच्या वाटेवर अरविंद निवास लागे, त्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "इथला माणूस दिवसा इंग्रजी शिकवायचा आणि घरी बंगाली शिकायचा." आम्हाला ते कोडं वाटे. हे अरविंद घोष, पुढचे योगी अरविंद, सातव्या वर्षीच विलायतेला गेलेले. 1893 साली बडोद्याच्या नोकरीत आले ते उत्तम इंग्रजी घेऊन, पण स्वतःची बंगाली धड न येता. बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवलं आणि मातृभाषा पक्की केली ती इथे, मराठी-गुजराती गावात. त्या बंगालीला आमच्या गावचा वास लागला असेल का, हे विचारायचं राहूनच गेलं.

पुढे यजमानांची बदली थायलंडला झाली आणि मीच परदेशात इंग्रजीची बाई झाले. पहिल्या शाळेने फोनवरच 'नेटिव्ह स्पीकर हवा', म्हणजे मायबोलीच इंग्रजी असलेला, म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्या शाळेची बाई सहामाहीच्या मध्यात सोडून गेली होती, तिथे नेटिव्हपणाची फारशी चौकशी झाली नाही. मुलं मला 'ख्रू वित्थया' म्हणत. ख्रू म्हणजे आपला गुरू. वित्थया म्हणजे मी, विद्या. त्यांच्याकडे ते पुरुषाचं नाव, म्हणून हजेरीच्या पहिल्या दिवशी वर्ग हसून लोळला. त्यांनाही व्ही येत नाही! मला भाऊबंद भेटल्यासारखं झालं.

सरांची पट्टी तिथे काढली. दाखवल्याबरोबर सगळ्यांच्या पट्ट्या उडाल्या, कारण प आणि फ त्यांच्याकडेही वेगवेगळे आहेत. मुलं अडत ती शब्दाच्या शेवटी. त्यांच्या भाषेत शेवटी ल आला की न होतो, स आला की त. फुटबॉल 'फुतबॉन', बस 'बत'. हॉटेलात बिल मागायचं तर 'चेक बिन'. तीन महिने मी शेपट्या दुरुस्त करत होते. त्याबदल्यात मुलं माझ्याकडून 'नवं लाकूड जळत नाही ना?' म्हणवून घेत. त्यांच्या भाषेत ते पाच शब्द, पाचही माझ्या कानाला 'माय', फरक बहुतेक सुराचा. मी आपली माय माय माय माय माय करत राही. पोरं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

एका शुक्रवारी फळ्यावर वार लिहायला सांगितला. मुलीने थाई अक्षरांत 'शुक्र' लिहिलं, शेवटच्या र च्या डोक्यावर एक छोटी खूण केली आणि वाचलं, "सुक." ती खूण म्हणजे हे अक्षर मुकं. भाषेला ते 'फासा' म्हणतात, इंग्रजीला 'आंगक्रित'. आमच्या शुक्राची शेपटी शेकडो वर्षांपूर्वी कापून ठेवलेली, आणि आमच्याकडून कुणी पट्टी घेऊन दुरुस्तीला गेलं नव्हतं. त्या दिवशी फुतबॉन तसाच राहू दिला.

मीही कुठे सुटले? परवा रावपुऱ्यात सेव-उसळ खाऊन मी पोऱ्याला म्हटलं, "चेक बिन." त्याने आणखी एक पाव आणून ठेवला.

तर ही मुलगी. व्हेजिटेबलचा नाद सोडवायला म्हणून मी वर्तमानपत्राची कड फाडली, तिच्या ओठांसमोर धरली आणि म्हटलं, "म्हण, पेन." ती म्हणाली. अगदी आपला प, पक्का घरचा. पट्टी छान थरथरली. तिचा चेहरा असा उजळला की बस.

वर पंखा चारवर होता. मी काही बोलले नाही.