आमची वाटचाल : सांगलीच्या माणसांचं बोलणं

सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं 1963 साली. त्या जोरावर माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान चाललं. मर्फी, बुश, फिलिप्सचे संच घेऊन लोक यायचे आणि सांगली केंद्र खणखणीत ऐकू आलं की मगच पैसे द्यायचे. पुढे टेपरेकॉर्डर आले, तेही गेले. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा मागच्या खोलीला फोम लावून आम्ही ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ केला.

भाडं आणि पगार निघतात ते घंटागाडीच्या सूचना, निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा आणि सराफ पेढ्यांच्या जाहिरातींतून. ही कामंही आम्ही मन लावून करतो. पण माझा जीव आहे तो रेडिओसाठी केलेल्या गप्पांत. आपल्या भागातलं पाणी, बाजारभाव, जत्रा, नाटक, शाळा यांविषयी इथल्याच माणसांनी बोलायचं आणि इथल्याच माणसांनी ऐकायचं. कधी एखादी सहकारी संस्था असा कार्यक्रम प्रायोजित करते, कधी सामुदायिक रेडिओ केंद्र बोलावतं.

आमची पद्धत पहिल्यापासून ठरलेली. माणसाला स्टुडिओत बोलवायचं नाही, आपण त्याच्याकडे जायचं. स्टुडिओत बसवलं की चांगला बोलणारा माणूसही भाषण करायला लागतो. तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला बागेत उभं राहून विचारलं, की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला तेव्हा दावण्या या बुरशीच्या रोगासाठी किती फवारण्या झाल्या, मजुरी किती गेली, बेदाणा करायचा निर्णय का घेतला, हे सगळं तो स्वतःहून सांगतो. मिरजेत सतारमेकर गल्लीत तर प्रश्नही फार लागत नाहीत. भोपळ्याचं काम, तारा, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवून जवारी, म्हणजे तारेचा घुमारा, काढणं हे सगळं चालू असतानाच कारागीर बोलतो. तंबोऱ्याची तार जवारी लागण्याआधी आणि नंतर वाजते ते दोन्ही आवाज आम्ही मुद्दाम घेतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते का मिळालं हे ऐकणाऱ्याला त्या दोन आवाजांतून जास्त कळतं.

प्रश्न आधी लिहून द्यायचे नाहीत. संपादन करताना पुनरुक्ती काढायची, पण माणूस आठवायला थांबला असेल तर ती शांतता ठेवायची. शेवटी मुद्रण त्यालाच आधी ऐकवायचं. यात वेळ जातो आणि तो बिलात कधीच बसत नाही. तरी आम्ही हे सोडलेलं नाही.

या कामाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. 1956 साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं उभी केली होती. लोक एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचे, मग चर्चा करायचे आणि त्यांचे प्रश्न परत केंद्राकडे जायचे. रेडिओने ऐकूनही घ्यायचं असतं, हे मी तिथूनच शिकलो.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर आम्ही नदीकाठच्या गावांतून बोलणं मुद्रित करत फिरलो. जनावरं कुठे नेली, बियाणं कसं वाचवलं, 2005 च्या पुराच्या खुणा कुणी लक्षात ठेवल्या होत्या. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण हवामान, पाणी, वीज, स्थानिक कार्यक्रम यांची माहिती देता येते. पुराच्या वेळी गावाला लागते ती हीच माहिती, म्हणून दर पावसाळ्यापूर्वी आम्ही त्या मुलाखती पुन्हा काढून देतो, विनामूल्य.

आता जत तालुक्याकडे वळलो आहोत. तिथे एकाच पारावर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलली जातात, म्हणून कन्नड जाणणारी एक मुलगी सोबत घेतली आहे. पहिला विषय कृष्णेचं पाणी उचलून देणाऱ्या म्हैसाळ सिंचन योजनेचं पाणी आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचं शेत.