सुकडीची पुडी आणि 'तरी'चे दोन मार्क

सर्वांना सलाम. स्मरणिकेच्या कमिटीतल्या पोरांचा फोन आला (पोरं म्हणजे तेही आता पन्नाशीचे), म्हणाले काका तुम्ही ७७ च्या दहावीचे, बोर्डिंगचे, दोन पानं लिहून द्या, शाळेने काय दिलं वगैरे. मी म्हटलं बाबांनो मी अकाउंटवाला माणूस, मला जमाखर्च लिहिता येतो, मनोगत कसं लिहितात माहीत नाही. तर म्हणाले मग जमेची बाजू लिहा. आता खर्चाची बाजू मांडल्याशिवाय जमेचा मेळ लागत नाही, त्यामुळे मधे थोडं घरचं रडगाणंही येईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव नेवासा तालुक्यातलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ ला, आणि पुढे खेडोपाडी शाळा निघत गेल्या तेव्हा आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला एवढंच घरात सांगतात, साल कोणालाच माहीत नाही. मला पाचवीला बोर्डिंगात आणून टाकलं. पहिले आठ दिवस रडलो, नंतर रडायला वेळच मिळाला नाही कारण पहाटे घंटा, मग प्रार्थना, मग झाडलोट, मग शाळा. जेवायला जर्मनची ताटली घेऊन रांगेत बसायचं आणि वाढून झाल्यावर प्रार्थना झाल्याशिवाय घास उचलायचा नाही. सुप्रिटेंडंट साहेबांची प्रार्थना लांब असायची, ते राष्ट्रपतींपासून सुरुवात करून बोर्डिंगच्या विहिरीपर्यंत सगळ्यांसाठी मागायचे, तोवर आमटीवर साय धरायची. आम्ही एक डोळा उघडा ठेवून शेजारच्याच्या ताटलीतलं कालवण जास्त आहे का ते बघायचो. आमची आध्यात्मिक सुरुवात ही अशी.

पण मला सांगायचंय ते उपकारस्तुतीच्या सणाचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पीक निघालं की मंडळीतले म्हणजे चर्चमधले लोक आपल्या शेतातलं पहिलं ते देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) आणून ठेवतात, बाजरी, ज्वारी, तूर, भोपळे, अंडी, एखादी पाय बांधलेली कोंबडी जी बरोबर उपदेशाच्या वेळी ओरडते. मग उपासना संपली की बाहेर चिंचेखाली त्याचा लिलाव. आमच्यावेळी लिलाव पुकारायचे आमचे ड्रिलचे सर, आवाज असा की पलीकडच्या वस्तीवर ऐकू जायचा. आणि गंमत अशी की एखाद्याने अंडं दोन रुपयाला घेतलं की तो ते परत टेबलावर ठेवायचा, पुन्हा लिलाव, पुन्हा कोणी घ्यायचं, पुन्हा परत. एकेक अंडं चार-चार वेळा विकलं जायचं. पुढे नोकरीत मी एकच माल चार वेळा विकल्याची बिलं बरीच पाहिली, पण त्यात आणि ह्यात जमीन-अस्मानाचा फरक.

तर मी सहावीत असताना बहात्तरचा दुष्काळ. ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना सांगून समजत नाही. विहिरी आटल्या, गुरं विकली, आई-दादा दुष्काळी कामावर खडी फोडायला. रेशनला ती लाल मिलो (परदेशी ज्वारी) मिळायची, तिची भाकरी थापताना फुटायची आणि गिळताना टोचायची. कामावर सुकडी (पिठाचा गोड खाऊ) वाटायचे. त्यावर्षी सण लांबत लांबत गेला, बहात्तर संपून त्र्याहत्तर उजाडलं, मग पंचांनी ठरवलं की पीक नाही तर नाही, सण करायचाच. आम्हा पोरांना हे अजबच वाटलं, पीकच नाही तर उपकार कसले मानायचे.

शनिवारी आई चालत आली, खडीने बोटं फुटलेली, त्यावर चिंध्या बांधलेल्या, आणि माझ्या हातात कागदाची पुडी दिली. म्हणाली उद्या ही आपल्या घरची म्हणून वेदीपुढे ठेव, मला संध्याकाळच्या आत माघारी जायचंय. पुडीत सुकडी. आता मी काय केलं ते बावन्न वर्षांत कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. रात्री चादरीत तोंड घालून मी अर्धी सुकडी खाल्ली. बोटाने चाटून चाटून. सकाळी कागदाची घडी मोठी दिसेल अशी करून ती पुडी टेबलावर ठेवली. टेबलावर होतं तरी काय, मूठमूठ मिलो, दोन-चार अंडी, एका म्हातारीने आणलेली केरसुणी, आणि माझी ती फसवी पुडी.

पाळकसाहेबांनी (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी) त्या दिवशी हबक्कूक काढला. हबक्कूक हे पुस्तक बायबलात आहे हेच आम्हाला तेव्हा कळलं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे, अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. त्यांनी ते वाचलं आणि उपदेश केलाच नाही, पुस्तक मिटलं आणि खाली बसले. बायका रडायला लागल्या. मी पण रडलो पण माझं कारण वेगळं होतं.

लिलावात ड्रिलच्या सरांनी पुडी हातात घेतली, जरा तोलली, माझ्याकडे बघितलं. कळलं त्यांना, माझी खात्री आहे. पण काही बोलले नाहीत, पुकारलं, "एका आईच्या कष्टाची सुकडी, बोला!" आणि पहिली बोली स्वतःच लावली, सव्वा रुपया. त्याकाळी सव्वा रुपया म्हणजे चेष्टा नाही. पुडी परत टेबलावर आली, मग मराठीच्या बाईंनी घेतली, त्यांनी परत ठेवली, असं तीनदा.

ह्याच बाईंनी सोमवारी वर्गात फळ्यावर कालचं वचन लिहिलं आणि 'तरी'खाली दोन रेघा मारल्या. म्हणाल्या, उभयान्वयी अव्यय, सांगा कोणतं. कोणालाच येईना. मग त्यांनी 'म्हणून' लिहिलं, ह्याचं वाक्य करा. एक जण उठून म्हणाला, पीक आलं म्हणून आभार मानले. बाई म्हणाल्या बरोबर, परिणामबोधक, हे सोपं आहे, हे सगळ्या जगाला येतं. मग 'तरी'वर खडू आपटून म्हणाल्या, हे संकेतबोधक, आणि परीक्षेत हे येणार आहे, 'म्हणून' येणार नाही. आणि खरंच सहामाही... नाही, वार्षिकला आलं. दोन मार्कांना. मी परिणामबोधक लिहून आलो आणि दोन्ही मार्क गेले.

पुढचं भरभर सांगतो. बीकॉम, एका साखर कारखान्यात अकाउंट क्लार्क, आपल्याच शाळेतली दोन वर्ष मागची मुलगी बायको म्हणून मिळाली, ती बालवाडीची शिक्षिका, दोन पोरं. कारखाना कोणता ते विचारू नका, बंद पडला, आणि माझा सत्तावीस महिन्यांचा पगार अडकला तो अडकलाच. मी एक डायरी केली, त्यात कोणाकडे किती येणं, कोणी काय शब्द दिला, कुठल्या तारखेला कोणत्या संचालकाने गाडीची काच खाली न करता उत्तर दिलं, सगळं तारीखवार. त्याच सुमारास चर्चच्या कमिटीत इलेक्शनवरून भांडणं, मी हिशोब तपासा म्हटलो तर मलाच नावं ठेवली, पाळकसाहेबही मधे पडले नाहीत. मी मंडळी सोडली. म्हणजे चर्च सोडलं, घरची मंडळी नाही, ती आपली दर रविवारी एकटी रिक्षाने जायची आणि आल्यावर मला एका शब्दाने बोलायची नाही, त्याचाच जास्त राग यायचा. नऊ वर्षं मी प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घेतलं नाही. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा बंद. माझं म्हणणं साधं होतं, उपकार मानावेत असं काय दिलंय? सत्तावीस महिने द्या, मग बघू.

२०१९ ला हिला झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. अगदीच गेली नाही, एक शब्द उरला, "नको". चहा देऊ का, नको. आणि कप पुढे केला की पिणार. पोराचा फोन आलाय, नको, नको, आणि डोळ्यातून पाणी. डॉक्टर म्हणाले अफेजिया म्हणतात, त्यांना सगळं कळतंय, बोलायचंय एक आणि तोंडातून निघतंय एक. चाळीस वर्ष पोरांना गाणी-गोष्टी सांगितलेली बाई, आणि तिच्याकडे एकच शब्द, आणि तोही नको. देवाचा मला तेव्हा जो राग आला तो इथे छापण्यासारखा नाही.

स्पीच थेरपीची एक ताई यायची, पोरगीच, तिने विचारलं काकूंना गाणी कुठली पाठ आहेत. म्हणाली काही पेशंटना बोलता येत नाही पण पाठ असलेलं गाणं म्हणता येतं, कारण गाण्याला मेंदूची उजवी बाजू पण मदत करते. मी म्हटलं सिनेमाची नाहीत, देवळातलीच. तर म्हणाली मग तीच, रोज सकाळ-संध्याकाळ, तुम्ही म्हणायचं त्यांच्याबरोबर. मी!

उपासना संगीत, म्हणजे आमचं देवळातल्या गाण्यांचं पुस्तक, कपाटावरून काढलं, धूळ झटकली, आणि बसलो पलंगाजवळ. आवाज फुटेना, माझाच. शेवटी शाळेत सकाळच्या प्रार्थनेला म्हणायचो त्यातलं टिळकांचं एक भजन धरलं, कारण ते एकच न बघता येत होतं. बाई आम्हाला सांगायच्या की नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला आणि मग ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं, म्हणून आपल्या देवळात टाळ वाजतो. आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई काही वर्ष वेगळी राहिली, रडली, भांडली, मग १९०० साली राहुरीला तिनेही आपणहून बाप्तिस्मा घेतला. तर दुसऱ्या ओळीला हिचा आवाज मिसळला. शब्द. पूर्ण शब्द, एकामागून एक, जरा वाकडे पण शब्द. आख्खं कडवं म्हणाली आणि गाणं संपल्यावर मी म्हटलं अगं बोललीस की, तर म्हणाली, "नको."

आम्ही दोघं हसलो. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

हे कबूल करतो की सुरुवातीला मी विश्वासाने गात नव्हतो, गोळ्या द्यायच्या तसं गात होतो, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. पण रोज दोन वेळा उपकाराची गाणी तोंडाने म्हणायची आणि मनात पावणेतीनशे तक्रारी ठेवायच्या हे फार दिवस चालत नाही, कुठेतरी एक बाजू हलते. एका संध्याकाळी बायबलातलं स्तोत्र १०३ वाचत होतो, तिथे जिवाला सांगितलंय की त्याचे उपकार विसरू... एवढं वाचून मी चष्मा पुसायला थांबलो, तर हिने पलंगावरून वाक्य पुरं केलं. नको.

तिच्याकडे असलेला एकच शब्द, आणि तो बरोबर तिथे बसला. ती मुद्दाम म्हणाली का सवयीने, मला आजही माहीत नाही, विचारलं तरी उत्तर तेच येणार.

मग ती डायरी. हिच्या गोळ्यांच्या वेळा लिहायला घरात दुसरी वही नव्हती म्हणून मी त्याच डायरीत मागच्या बाजूने सुरुवात केली होती. गोळ्यांच्या खाली मग सवयीने इतर नोंदीही पडत गेल्या. शेजारच्या वहिनींकडून भाकरी, इतके दिवस. बालवाडीतल्या जुन्या पोरांनी जमवलेले पैसे, इतके. आणि ज्यांच्याशी मी नऊ वर्ष बोललो नाही ते पाळकसाहेब एका दुपारी कमोड चेअर मोटरसायकलला मागे बांधून घेऊन आले, भर बाजारातून, गळ्यातल्या टायसकट. चेअर उतरवली, म्हणाले कुठे ठेवू. मी म्हटलं आत. एवढंच आमचं समेटाचं बोलणं. तीही नोंद केली. लिहिता लिहिता एक दिवस मागून येणारी पानं पुढून आलेल्या पानांना भिडली. येणं असलेल्यांच्या शेवटच्या पानावर अर्धी जागा उरली होती, त्यात मी वहिनींची भाकरी लिहिली. सत्तावीस महिन्यांचा पगार अजून आलेला नाही, ते येणं मी सोडलेलंही नाही, कोर्टात आहे. पण त्या रविवारी मी रिक्षा बोलावली आणि दोघं गेलो, आणि प्रभुभोजनाची भाकर हातात घेताना मला अचानक जिभेवर सुकडीची चव आली. सहावीतली. गिळायला वेळ लागला. बाईंचा 'तरी' कोणतं अव्यय ते मला तिथे बाकावर बसून कळलं, मार्क अर्थातच कोणी देणार नव्हतं.

ड्रिलचे सर आणि बाई दोघंही आता नाहीत. सरांना ती पुडी हलकी लागली होती हे मला त्यांच्याकडून एकदा ऐकायचं होतं. सर, अर्धी मी खाल्ली होती.

गेल्या वर्षी सणाला आमच्या परसातला एक भोपळा घेऊन गेलो. ही आता वॉकर धरून चालते, पाच-सहा शब्द आलेत, पण गडबडीत पहिला शब्द तोच येतो. लिलावाला पुढच्याच खुर्चीवर बसली होती. पोरगा पुकारतोय, भोपळा शंभर रुपये, ही मोठ्याने, "नको!" लोक हसले. दीडशे, नको! पोरगा हुशार, म्हणाला मावशींना दीडशे मंजूर नाही, वाढवा. दोनशे, नको. अडीचशे, नको. सगळी मंडळी चिंचेखाली हसून लोळायची बाकी, आणि ही पण हसतेय आणि मान हलवून हलवून नको म्हणतेय. भोपळा तीनदा विकून सगळा मिळून साडेनऊशेला गेला, आणि शेवटी ज्याने घेतला त्याने तो परत आमच्याच रिक्षात आणून ठेवला.

पावती मी डायरीत लावून ठेवलीय.